रजोनिवृत्तीतील उष्णतेच्या झळा आणि स्त्रियांचे हृदयस्वास्थ्य

डिसेंबरची सकाळ आहे. वर्गाच्या खिडक्यांतून गार वारा येत आहे आणि मुले स्वेटर घालून बसली आहेत. फळ्यावर गणित मांडीत असलेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेची छाती, मान आणि चेहरा एकाएकी तापतो, कपाळावर घाम डवरतो व छातीत धडधडू लागते. दोनचार मिनिटांत सारे ओसरते आणि उलट अंगावर काटा येतो. पदराने घाम टिपून बाई पुढचे गणित घेतात. हा प्रकार त्या घरी कोणाला सांगत नाहीत आणि डॉक्टरांना तर नाहीच. "वयाचे आहे, जाईल आपोआप," एवढ्यावर त्या विषय संपवतात.

असे दृश्य कोणत्याही शाळेत, कचेरीत, शेताच्या बांधावर किंवा ग्रामसभेतही घडत असते. बोलीभाषेत 'अंगातून वाफा निघतात', 'अंगाची लाही होते' असे स्त्रिया एकमेकींना सांगतात. वैद्यकशास्त्र यांना रजोनिवृत्तीच्या काळातील उष्णतेच्या झळा म्हणते. या झळा हा रोग नव्हे. तथापि, गेल्या काही दशकांतील संशोधनातून असे दिसून आले आहे की, ज्या स्त्रियांना त्या वारंवार आणि वर्षानुवर्षे येतात, त्यांच्यात पुढील आयुष्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण अधिक असते. म्हणून झळांच्या तक्रारीकडे केवळ वयोमानाची कुरकुर म्हणून न पाहता तपासणीची योग्य वेळ आली आहे, अशी सूचना म्हणून पाहणे आवश्यक आहे.

रजोनिवृत्ती म्हणजे काय?

सलग बारा महिने मासिक पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानण्यात येते. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी ५१ वर्षांच्या आसपास आहे. भारतीय स्त्रियांत ते ४६ ते ४७ वर्षे, म्हणजे चारपाच वर्षे अगोदरचे आहे. हा बदल एका दिवसात होत नाही. त्यापूर्वीची काही वर्षे पाळी अनियमित होते आणि बीजांडकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होत जाते. सत्तरी ओलांडणाऱ्या स्त्रीच्या आयुष्याचा जवळजवळ एकतृतीयांश भाग रजोनिवृत्तीनंतरचा असतो. गरोदरपण आणि बाळंतपण यांविषयी आपल्याकडे गावोगाव बरीच जागृती झाली आहे. त्यानंतरच्या या दीर्घ काळाविषयी मात्र फारच थोडे बोलले जाते.

झळ कशी निर्माण होते?

मेंदूच्या तळाशी अधोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. शरीराचे तापमान कायम राखण्याचे काम तो करतो. शरीराच्या आतील तापमानात थोडाफार चढउतार झाला तरी तो सहन करतो. तापमान ठराविक मर्यादेच्या वर गेले तर घाम आणि खाली गेले तर हुडहुडी, अशी ही व्यवस्था आहे. झळा न येणाऱ्या स्त्रियांत या दोन मर्यादांमधील अंतर सुमारे ०.४ अंश सेल्सियस असल्याचे प्रयोगांत आढळले आहे. झळा येणाऱ्या स्त्रियांत हे अंतर जवळजवळ नाहीसे होते. त्यामुळे चहाचा एक कप, चुलीची धग, मनाची किंचित घालमेल किंवा जाडसर पांघरूण एवढे कारणही मेंदूला 'शरीर फार तापले' असा संदेश देण्यास पुरेसे होते. मग उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि घाम सुटतो. इस्ट्रोजेन घटल्यावर अधोथॅलॅमसमधील काही विशिष्ट चेतापेशी अतिरेकी उद्दीपित होतात आणि हा सारा गोंधळ त्यांच्यामुळे होतो, हेही आता समजले आहे.

एक झळ बहुधा एक ते पाच मिनिटे टिकते. काही स्त्रियांना ती आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी येते, तर काहींना दिवसातून अनेकदा येते. रात्री घामाने अंथरूण ओले होऊन झोपमोड होते आणि दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागत नाही. चिडचिड वाढली म्हणून घरातली माणसे नावे ठेवतात. परंतु त्यामागे अनेक रात्रींची अपुरी झोप असते, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

हृदयाशी संबंध कोणता?

हृदयविकार हा पुरुषांचा रोग आहे, असा समज सुशिक्षित वर्गातही दृढ आहे. वस्तुतः जगभर स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. स्त्रियांत हा विकार पुरुषांपेक्षा काही वर्षे उशिरा दिसतो, एवढाच फरक आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू करण्यात आली. एकाच वयोगटातील स्त्रियांची तुलना केली असता, पाळी सुरू असलेल्यांपेक्षा पाळी गेलेल्यांत हृदयरोग अधिक आढळतो, असा निष्कर्ष या पाहणीतून १९७६ साली प्रसिद्ध झाला.

याची कारणे आता बरीच स्पष्ट झाली आहेत. इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला लवचीक राहण्यास मदत करते. ते घटले की रक्तवाहिन्या ताठर होऊ लागतात. शेवटच्या पाळीच्या आगेमागे सुमारे एका वर्षात रक्तातील घातक कोलेस्टेरॉल झपाट्याने वाढते. मांड्या व नितंबांऐवजी पोटाभोवती चरबी साठू लागते. वयाबरोबर रक्तदाब आणि रक्तातील साखरही वाढू लागते. यांपैकी काहीही दुखत नाही आणि बाहेरून दिसतही नाही. झळ मात्र जाणवते. या अदृश्य बदलांच्या काळातच येणारी ही एक जाणवणारी खूण आहे, हे तिचे महत्त्व आहे.

पाहणीतून निघालेले निष्कर्ष

अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात मध्यमवयीन स्त्रियांच्या आरोग्याची एक मोठी पाहणी सुरू झाली. निरनिराळ्या वंशांच्या सुमारे ३,३०० स्त्रियांची वर्षानुवर्षे नियमित तपासणी करण्यात आली. वारंवार झळा येणाऱ्या स्त्रियांत त्या एकूण सरासरी सात वर्षांहून अधिक काळ टिकतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसले. 'वर्षा दोन वर्षांत जाईल' हा समज त्यामुळे चुकीचा ठरला.

याच पाहणीचा दुसरा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांत सहा किंवा अधिक दिवस झळा येणाऱ्या स्त्रियांत, झळा न येणाऱ्यांच्या तुलनेने, पुढील वीस वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आदी घटनांचा धोका सुमारे दीडपट आढळला. अशा वारंवार येणाऱ्या झळा अनेक वर्षे टिकून राहिलेल्या स्त्रियांत तो पावणेदोन पटींच्या घरात होता. वय, वजन, रक्तदाब, धूम्रपान इत्यादी नेहमीच्या कारणांचा हिशेब वजा केल्यानंतरही हा फरक शिल्लक राहिला.

येथे दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिली अशी की, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडते, असे सिद्ध होत नाही. झळांमुळे हृदयविकार होतो, असे या पाहणीने म्हटलेले नाही. रक्तवाहिन्यांतील बिघाड आणि झळा ही एकाच अंतर्गत बदलाची दोन रूपे असण्याची शक्यता आहे. दुसरी गोष्ट अशी की, या पाहणीत भारतीय स्त्रियांचा स्वतंत्र गट नव्हता. म्हणून तेथील आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. आपल्याकडे रजोनिवृत्ती लवकर येते आणि मधुमेह व उच्च रक्तदाब यांचे प्रमाण मोठे आहे. सबब, तपासणीची निकड येथे कमी नाही. ज्यांना झळा येत नाहीत त्यांनीही निश्चिंत राहावे, असा याचा अर्थ नव्हे.

संप्रेरकोपचाराचा धडा

झळा इस्ट्रोजेन घटल्यामुळे येतात. तेव्हा ते बाहेरून द्यावे, ही कल्पना साहजिकच पुढे आली. अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकापासून अशी औषधे मिळू लागली आणि ती घेतल्याने स्त्री चिरतरुण राहते, असा प्रचार १९६० नंतर जोरात झाला. एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे १९७५ साली उघड झाले. तेव्हापासून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला त्याच्या जोडीला दुसरे संप्रेरक देण्यात येऊ लागले. हे उपचार हृदयाचेही रक्षण करतात, असा विश्वास त्यानंतरही बराच काळ कायम होता.

या विश्वासाची कसोटी घेण्यासाठी १६,६०८ स्त्रियांवर एक मोठी चाचणी घेण्यात आली. फायद्यापेक्षा अपाय अधिक असल्याचे दिसल्याने ती २००२ च्या जुलै महिन्यात मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७, पक्षाघाताच्या ८ आणि स्तनाच्या कर्करोगाच्या ८ घटना जादा आढळल्या. ही बातमी पसरताच जगभर अनेक स्त्रियांनी औषधे एकदम सोडली.

पुढील वर्षांत या आकड्यांचा वयानुसार पुन्हा अभ्यास झाला. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. म्हणजे बहुतेकींची रजोनिवृत्ती होऊन बराच काळ लोटला होता. आज तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत असे आहे की, साठ वर्षांच्या आतील किंवा रजोनिवृत्तीस दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीला तीव्र झळांचा त्रास असल्यास संप्रेरके हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे आणि त्यातील धोका अल्प आहे. मात्र केवळ हृदयविकार टाळण्यासाठी ती देऊ नयेत. स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, रक्तवाहिनीत गुठळी किंवा यकृताचा गंभीर विकार होऊन गेलेल्या स्त्रियांना ती सामान्यतः देत नाहीत. त्यांच्यासाठी संप्रेरकविरहित औषधे उपलब्ध आहेत. औषध कोणते, किती आणि किती काळ घ्यावे, हे तपासणीनंतर डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. शेजारणीला गुण आला म्हणून दुकानातून तीच गोळी आणणे धोक्याचे आहे.

अकाली रजोनिवृत्ती: आपल्या राज्यातील एक गंभीर प्रश्न

रजोनिवृत्ती चाळीस वर्षांपूर्वी झाल्यास ती अकाली समजली जाते. निरनिराळ्या देशांतील पंधरा पाहण्यांमधील तीन लाखांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५० ते ५१ व्या वर्षी पाळी गेलेल्या स्त्रियांशी तुलना करता, चाळीशीपूर्वी पाळी गेलेल्या स्त्रियांना साठीच्या आत हृदयविकार वा पक्षाघात होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असल्याचे त्यात दिसले.

गर्भाशयासोबत दोन्ही बीजांडकोश काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते आणि झळाही अधिक तीव्र असतात. बीजांडकोश ठेवून केवळ गर्भाशय काढले तरी ते काही वर्षे अगोदर निकामी होण्याची शक्यता वाढते. या संदर्भात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यापुढे आला. शासनाने नेमलेल्या समितीच्या काळात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे शेकडा सुमारे १७ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले.

या आकड्यामागील परिस्थिती ग्रामीण कार्यकर्त्यांस परिचित आहे. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडात शौचालय नाही आणि पाण्याची सोय नाही. पाळीचा त्रास किंवा अंगावरून पांढरे जाणे या तक्रारींवर, औषधाने बरे होण्यासारखे असूनही, 'पिशवी काढून टाका' हा सल्ला सोयीचा वाटतो. तिशीतल्या स्त्रीने तो मानला की पाळीचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परंतु झळा, हाडांची झीज आणि हृदयाचा धोका तिच्याकडे दहापंधरा वर्षे लवकर येण्याची शक्यता निर्माण होते, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया टाळण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्यांची तरतूद आहे. सर्व राज्यांनी ती तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. कर्करोग किंवा न थांबणारा रक्तस्राव अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया आवश्यक असते आणि ती केलीच पाहिजे. मात्र दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आणि बीजांडकोश ठेवता येतील का, हे विचारण्याचा प्रत्येक स्त्रीला अधिकार आहे. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे अशा चाळीस-पंचेचाळीसच्या आतील स्त्रियांनी झळा येत असोत वा नसोत, स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा भेटणे श्रेयस्कर आहे. अशा स्त्रियांना, विशेष अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके देण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

पंचेचाळिशीच्या आसपास, किंवा झळा सुरू होताच, प्रत्येक स्त्रीने पुढील गोष्टींची नोंद करून घ्यावी: रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, वजन आणि कमरेचा घेर. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास उपचार आवश्यक ठरतात. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे ही धोक्याची सूचना समजावी. गरोदरपणी रक्तदाब वाढला होता किंवा मधुमेह झाला होता, ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. अशा स्त्रियांना पुढे हृदयविकाराचा धोका अधिक असतो.

प्रत्येक उष्णता वा घाम रजोनिवृत्तीचाच असतो असे नाही. रात्रीच्या घामाबरोबर बारीक ताप, खोकला आणि वजनात घट असेल तर क्षयरोगाची तपासणी केली पाहिजे. हातांना कंप, वजनात घट आणि सतत धडधड असेल तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची तपासणी करावी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर, तो थेंबभर असला तरी, विनाविलंब दवाखाना गाठावा.

छातीवर दडपण, चालताना किंवा चढ चढताना लागणारा दम, जबडा, पाठ वा हातात जाणारी कळ, मळमळ आणि कधी नव्हे असा थकवा ही झळांची लक्षणे नव्हेत. ती हृदयविकाराची असू शकतात. स्त्रियांत ही लक्षणे 'पित्त' किंवा 'अशक्तपणा' म्हणून अंगावर काढली जातात आणि उपचारांचा मोलाचा वेळ वाया जातो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दैनंदिन जीवनात काय करता येईल?

सुती व सैल कपडे, जवळ पाण्याची बाटली, झोपण्याच्या खोलीत हवा खेळती ठेवणे आणि झळ आणणारे पदार्थ ओळखून ते कमी करणे, या साध्या उपायांनी काहींना आराम पडतो. हृदयासाठी मात्र त्यापलीकडे जावे लागते. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा तशाच प्रकारचा व्यायाम करावा. दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा भरेल त्यापेक्षा, अधिक मीठ नसावे. लोणचे, पापड, ठेचा आणि फरसाण यांतील मीठही या हिशेबात धरावे.

तंबाखूचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. आपल्याकडे स्त्रिया विडी क्वचितच ओढतात. परंतु मिश्री लावण्याची सवय अनेक घरांत सासूकडून सुनेकडे चालत आलेली आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच होय. दात घासण्याचे निमित्त असले तरी त्यातील निकोटिन हिरड्यांवाटे रक्तात जाते आणि रक्तवाहिन्यांस अपाय करते. ही सवय सोडणे हा हृदयरक्षणाचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

गावपातळीवरील जबाबदारी

तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी करण्याची योजना राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. तिची सुरुवात आयुष्मान आरोग्य मंदिरांतून, म्हणजे उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्रांतून होते. आशा कार्यकर्ती घरोघरी जो तक्ता भरतात, त्यात तंबाखूचे सेवन, कमरेचा घेर आणि रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव यांविषयी प्रश्न आहेतच. हा तक्ता भरताना 'पाळी कोणत्या वर्षी गेली? पिशवी काढली आहे का? अंगातून वाफा येतात का?' हे तीन प्रश्न आपुलकीने विचारले तर कोणाकडे अगोदर लक्ष द्यावे, हे सहज कळेल. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

ग्रामपंचायतीने महिला सभेच्या दिवशीच आरोग्यसेविकेस बोलावून रक्तदाब मोजण्याची व्यवस्था करावी. ऊसतोडीसाठी स्थलांतर होणाऱ्या गावांत ही तपासणी दसऱ्यापूर्वी आणि हंगामाहून परतल्यावर, अशी वर्षातून दोनदा ठेवावी. ज्यांना गोळ्या सुरू आहेत त्यांना हंगामभर पुरेल एवढा औषधसाठा व नोंदीचे कार्ड सोबत कसे देता येईल, याचा विचार आरोग्य केंद्राशी बोलून करावा. कचेऱ्यांच्या प्रमुखांनी खिडकीजवळची जागा, पिण्याचे पाणी, स्वच्छ प्रसाधनगृह आणि दवाखान्यासाठी दोन तासांची सवलत या गोष्टी उपकार म्हणून नव्हे, तर कामाच्या सोयी म्हणून द्याव्यात. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय संकोच न करता मांडावा आणि पुरुष पालकांसमोरही मांडावा. आईला रात्री झोप का लागत नाही, हे घरातील पुरुषांस समजले तर तिला दवाखान्यात नेण्याचा निर्णय लवकर होतो.

आरंभी उल्लेखिलेल्या शिक्षिकेस एक रक्तदाबमापक, रक्ताच्या दोन तपासण्या आणि विश्वासाने बोलता येईल अशी एक व्यक्ती, एवढीच गरज आहे. सर्व ठीक आहे असे निष्पन्न झाले तर त्या निर्धास्त होतील आणि झळांवर उपायही मिळतील. काही दोष आढळला तर तो झटका येण्यापूर्वी दहा-पंधरा वर्षे अगोदर हाती लागलेला असेल. चाळीस-पन्नाशीतील स्त्रिया आज शाळा, बचत गट, शेती आणि घर यांचा मोठा भार वाहत आहेत. त्यांनी आपली तक्रार मोकळेपणाने सांगावी आणि इतरांनी ती गांभीर्याने ऐकावी, ही या कामाची पहिली पायरी होय.